दाराला लावायचा दगड

आधीच सांगून टाकतो, दगड मी रंगवला. रंग माझ्या दुकानातला, ब्रश माझा, डोकं माझं. हे मी जिन्यात सांगितलं, सरकारी कचेरीत सांगितलं, भर मीटिंगमध्ये सांगितलं, आणि सासूबाईंना तर न सांगताच कळलं. तरी आज आमच्या बिल्डिंगमध्ये त्या दगडावर विश्वास नसलेला माणूस मी एकटा आहे, आणि म्हणून माझ्यावर कोणाचाही विश्वास नाही.

माझं मगांवर फोटो छापायचं दुकान आहे. त्यात एक जादूचा मग असतो. वरून काळाकुट्ट, गरम पाणी ओतलं की काळा रंग विरघळल्यासारखा नाहीसा होतो आणि आतला फोटो दिसतो. कोणाचं बाळ, कोणाची बायको, एका गिऱ्हाइकाने तर स्वतःचाच छापून घेतला, रोज सकाळी स्वतःला बघून दचकायला. मग थंड झाला की पुन्हा काळा. एवढंच विज्ञान. ह्यापुढे जे घडलं त्यात विज्ञानाचा काही दोष नाही.

दोष असलाच तर ‘शिलासाक्षी’चा. दर रविवारी संध्याकाळी सहाला लागणारी मालिका. त्यात एक राज्य, राज्यात पाच कुळं, आणि पाचही कुळांवर एक महाराणी. तिचा मुकुट इतका रुंद की तिला मान वळवायची असली तर शेजारचे दोन सरदार आधी खाली वाकतात. ती एक वाक्य बोलते, तीनदा वीज कडाडते, मग अकरा जणांचे चेहरे दाखवतात, तेवढ्यात जाहिराती. महाराणीकडे एक काळी शिला आहे. आपल्या माणसाने हात ठेवला की ती सोन्यासारखी उजळते, बाहेरच्याने ठेवला की काळीच राहते. आता ही शिला कोण सांभाळतं, कोण पुसतं, कोणाचा हात आधी लागतो आणि कोणाचा कधीच लागत नाही, हे सगळं महाराणी ठरवते. पण असले प्रश्न विचारायचे नसतात. मी एकदा विचारला तर हॉलमधल्या बावीस लोकांनी मला गप्प केलं, त्यात माझी बायकोही होती.

हॉल म्हणजे आमच्या सोसायटीचा. तिथे भिंतभर टीव्ही लावलाय आणि मालिका सगळ्यांनी मिळून बघायची असा सेक्रेटरींचा आग्रह. सेक्रेटरी पहिल्या रांगेत, एसीच्या बरोबर खाली, हातात बर्फाळ पाण्याची बाटली घेऊन बसतात. तो माणूस हातात बाटली घेऊनच जन्माला आला असावा. मालिका सुरू झाल्यापासून त्यांची भाषाही बदलली. पूर्वी ‘पाणी नऊला बंद होईल’ अशी नोटीस लागायची. आता लागते, ‘सर्व कुळांनी नोंद घ्यावी.’ ए विंग आणि बी विंग आधी नुसत्या विंगा होत्या, आता ती घराणी झाली. आमच्या बी विंगेतल्या बाईने ए विंगेच्या दोरीवर चादर वाळत घातली तर तो सीमाभंग ठरला.

हे सगळं माझ्यासारख्या माणसाने नुसतं बघत बसायचं म्हणजे अन्यायच. सोसायटीच्या ऑफिसच्या दाराला एक दगड लावलेला असतो, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. गोल, गुळगुळीत, कलिंगडाएवढा. त्याला ठेचकाळला नाही असा सभासद नाही. तो मी एका दुपारी पिशवीत घालून दुकानात नेला, खाली सोनेरी रंग मारला, वर जादूचा काळा, आणि रविवारी मालिका संपताच टीव्हीखालच्या टेबलावर ठेवला.

त्या दिवशीचा भाग असा होता: महाराणीच्या महालात दिवे लावणारा एक म्हातारा. आयुष्यभर तिथेच राहिलेला. महाराणीला त्याची खोली हवी असते, खोलीखाली भुयार असतं म्हणून. ती त्याला शिलेवर हात ठेवायला लावते. शिला काळीच. म्हातारा म्हणतो, ‘ही शिला खोटी आहे.’ महाराणी हसते, वीज कडाडते, आणि ती म्हणते, ‘काळी राहिली की सगळे असंच म्हणतात.’ म्हाताऱ्याला वेशीबाहेर काढायचा हुकूम होतो, शिपाई हात उचलतो आणि चित्र तिथेच थांबतं. पुढचं पुढच्या रविवारी.

सगळे सुस्कारे टाकत होते तेवढ्यात मी म्हटलं, “आपल्याकडेही एक आहे, बघा.”

पहिला हात दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचा. रिटायर्ड माणूस, चेष्टेतलंही आमंत्रण नियमानुसार स्वीकारतात. हात ठेवला, उचलला, आणि दगडावर पाच बोटांचा सोनेरी ठसा. मग काय झुंबड उडाली म्हणता. ठसा उमटला की टाळ्या, ठसा विरला की पुढचा. मी हात लावला नाही, हसू दाबायला दोन्ही हात तोंडावर लागले होते. सेक्रेटरींनीही लावला नाही. ते बाजूला उभे राहून ‘एकेक, एकेक’ करत होते. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मग कोणीतरी वॉचमनकाकांना हाक मारली. काका एकोणीस वर्षं आमच्याकडे आहेत. ते आणि काकू जिन्याखालच्या खोलीत राहतात. खोली म्हणजे काय, एक खाट, एक शेगडी, आणि वाकून उभं राहण्याची सवय. काका नुकतेच नळावर गाड्या धुऊन आले होते. हात पुसत आले, लाजत लाजत दगडावर ठेवले.

दगड काळा.

हशा झाला, तोही प्रेमळ. काकाही हसले. “आमचे हात कष्टाचे, साहेब, ओळखले नसतील,” म्हणाले. तेवढ्यावर संपायचं ते. पण सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, दगडाकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, आणि वही मागवली.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर इतिवृत्त. ‘रविवारी उपस्थित सभासदांच्या साक्षीने शिलापरीक्षा घेण्यात आली. सभासद उत्तीर्ण. वॉचमन अनुत्तीर्ण. सबब, बाहेरच्या व्यक्तीच्या ताब्यात असलेली जिन्याखालची खोली सोसायटीकडे घेण्याबाबत पुढील रविवारी पाच वाजता विशेष सभा.’

खाली तळटीप. ‘सभा सहाच्या आत आटोपली जाईल.’

मी तसाच ऑफिसात गेलो. सेक्रेटरींना ती खोली दोन वर्षांपासून हवी होती. त्यांच्या फायली ठेवायला. फायलींना खिडकीची गरज नसते, त्यामुळे खोली उत्तम.

“साहेब, तो दगड दाराचा आहे,” मी म्हटलं. “तुम्ही स्वतः त्याला तीनदा ठेचकाळलाय.”

“मगवाले, माझा वैयक्तिक विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर,” ते म्हणाले. “पण लोकांच्या भावना आहेत.”

“भावना मी रंगवल्यात. डबा दाखवू?”

“दाखवा ना. लोकांना दाखवा.”

ते असं गोड बोलले की मी ओळखायला हवं होतं. संध्याकाळी मी जिन्यात माणसं जमवली आणि कबुली दिली. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो. लोक हसू लागले. पाचव्या मजल्यावरची बाई म्हणाली, “बघा, झाला सुरू.”

माझी चूक एवढीच की ह्याआधी मी काही किरकोळ गमती केल्या होत्या. लिफ्टमध्ये ‘कृपया हळू बोला, लिफ्ट ऐकत आहे’ अशी चिठ्ठी लावली होती, तर चार दिवस ए विंग जिन्याने चढली. टाकीवर ‘हे पाणी उलट्या दिशेने भरले आहे’ असं लिहिलं होतं, तर दोन घरांनी पाणी उकळून प्यायलं. माझ्या मते ही समाजसेवा. त्यांच्या मते माझं बोलणं म्हणजे पुढच्या चेष्टेची सुरुवात.

मी पुरावा म्हणून जादूचा मग नेला. सगळ्यांसमोर गरम पाणी ओतलं. एका अनोळखी बाळाचा फोटो उमटला. सगळ्या बायका ‘गोड आहे’ म्हणाल्या.

“कळलं का? हाच रंग दगडावर आहे.”

मास्तर चष्मा सारून म्हणाले, “मग दगडात बाळ का नाही दिसत?”

“मास्तर, दगडात बाळ छापलं नाही म्हणून.”

“म्हणजे मग वेगळा, दगड वेगळा.”

“मग?”

“मग मग आहे, आणि दगड दगड आहे.”

ह्यावर जिन्याने मान डोलावली. मी मग घेऊन घरी आलो. बाळ तोपर्यंत काळं पडलं होतं.

मंगळवारी मी दुकान बंद ठेवून सोसायट्यांच्या कचेरीत गेलो. तीन खिडक्या, एक माणूस. तो ज्या खिडकीवर आपण नाही त्या खिडकीवर असतो. शेवटी त्याला मधल्या खिडकीत गाठला. अर्ज वाचून तो म्हणाला, “दगडाची तक्रार इथे नाही. बांधकाम साहित्य शेजारच्या इमारतीत.”

“बांधकाम नाही हो. दगडाने एका माणसाला बाहेरचा ठरवलंय.”

त्याने अर्ज पुन्हा वाचला, ह्या वेळी उभा राहून. “दगड कोणाचा?”

“कोणाचा म्हणजे?”

“मालकी कोणाची? सोसायटीचा दगड असेल तर अंतर्गत बाब, आम्ही पडत नाही. बाहेरच्याची वस्तू परवानगीशिवाय वापरून ठराव केला असेल तर मात्र ठराव रद्द. मालकीचा दाखला आणा.”

“दगडाचा?”

“दगडाचा.” मग तो खिडकीतून पुढे झुकला आणि हळूच म्हणाला, “पण एक सांगू? तो दिवेवाला म्हातारा हेर आहे. मागच्या महिन्यात त्याच्या कंदिलावर शत्रूचं चिन्ह दाखवलंय. तुम्ही नीट बघत नाही.”

घरी आलो तर जिन्याखाली काकू भांडी खोक्यात भरत होत्या. काका बाजूला उभे. “राहू द्या साहेब,” ते म्हणाले. “तुम्ही काही मुद्दाम नाही केलं.”

मी मुद्दामच केलं होतं. सगळं. फक्त हे सोडून. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि माझ्या बाबतीत ही बातमी आहे.

बायको म्हणाली, “अहो, एवढी अक्कल पाजळलीत, आता थोडी निस्तरायला वापरा.”

सासूबाई टीव्हीसमोर मालिकेचा जुना भाग दुसऱ्यांदा बघत होत्या. त्यांना महाराणी फार आवडते. बाई कामाची आहे म्हणतात, फक्त तिला चांगला नवरा मिळाला नाही. त्या आवाज कमी न करताच म्हणाल्या, “जावईबापू, दगड खोटा आहे हे सांगत फिरू नका. खोटं ज्यांना सोयीचं आहे त्यांना तुम्ही काय सांगणार? महाराणीने स्वतः कधी हात ठेवलाय का, ते विचारा.”

“नाही ठेवला.”

“का?”

मी टीव्हीतल्या महाराणीच्या हातांकडे बघितलं.

“त्या तुमच्या सेक्रेटरीचा हात कधी हातात घेतलाय?” त्या म्हणाल्या. “फ्रिजमधली काकडी. मला पहिल्या दिवशीच कळलं, गार हाताला दगड काळा. मी सांगणार होते, पण तुम्ही एवढे खूश होतात.”

तर योजना ठरली. सभेत काकांच्या हातात गरम चहाचा स्टीलचा पेला द्यायचा, सेक्रेटरींच्या हाती गार बाटल्या पुरवत राहायच्या, आणि मग म्हणायचं, आधी सेक्रेटरी. मी बर्फाची एक मोठी पेटी भाड्याने आणली. इतका नीट कट महाराणीनेही केला नसता.

रविवारी पाचला हॉल गच्च. दगड खिडकीजवळच्या टेबलावर, खाली मखमलीचा तुकडा. आठवड्याभरात त्याचं वजन नाही पण महत्त्व दुप्पट झालं होतं. ऑफिसचं दार मात्र सारखं आपटत होतं, कारण त्याला लावायला काही उरलं नव्हतं. मी मागे पेटीजवळ, कोपरापर्यंत हात बर्फात, सर्वांत गार बाटली शोधत.

आणि वीज गेली.

एसी बंद, पंखे बंद. बंद हॉलमध्ये साठ माणसं म्हणजे भट्टीच. त्यात खिडकीतून उतरतं ऊन थेट टेबलावर. मी पेटीतून डोकं वर काढलं तर समोरून ‘आ’ असा एकच आवाज आला. दगड आपला आपणच, कोणाचा हात न लागता, कडेकडेने सोनेरी होत चालला होता. सेक्रेटरी नेमके तेव्हाच टेबलाकडे निघाले होते. ते थबकले. मग त्यांनी दोन्ही हात पसरले.

“बघितलंत? मी हात लावण्याच्याही आधी.”

टाळ्या. मास्तर उठून उभे राहिले. माझ्या हातातली बाटली घसरून परत बर्फात पडली. एका उन्हाच्या तिरिपेने त्या माणसाला महाराणी करून टाकलं होतं.

“तेव्हा आता प्रश्न उरत नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “खोली सोसायटीची. वॉचमन, तुम्हाला काही बोलायचं आहे?”

काका दाराशी उभे होते, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून. धुऊन धुऊन विटलेला गणवेश. ते म्हणाले, “खोलीचं नाही साहेब. खोली तुमचीच. फक्त जाताना दगड घेऊन जाऊ का?”

“कुठला दगड?”

“हाच. माझा आहे तो. बिल्डिंग नवीन होती, तुमचं सामान चढत होतं, दार सारखं मिटत होतं. तेव्हा मी गावाहून येताना नदीतून आणलेला दगड लावला होता. आमच्या हिला आवडला होता म्हणून आणला होता. ती अजून म्हणते, माझा दगड दारात अडकला.”

मागून काकू म्हणाल्या, “एकोणीस वर्षं झाली.”

तुम्हाला सांगतो, डोक्यात दिवा पेटला असं लोक म्हणतात ते काय असतं, ते मला तेव्हा कळलं. मी खुर्चीवर चढलो.

“सेक्रेटरीसाहेब, एक शंका. काका आपले की बाहेरचे?”

“बाहेरचे. तेच तर चाललंय.”

“मग दगड बाहेरच्याचा. बाहेरच्याची वस्तू परवानगीशिवाय वापरून केलेला ठराव रद्द, असं कचेरीत मधल्या खिडकीवर मला स्वतः सांगितलंय. मास्तर, नियम आहे की नाही?”

नियम हा शब्द ऐकताच मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांना तो नियम माहीत नव्हता, पण नसेल असं ते म्हणू शकत नव्हते. “आहे,” ते म्हणाले. “कडक आहे.”

“म्हणजे आपण सगळे जे उत्तीर्ण झालो तेही रद्द?” पाचव्या मजल्यावरची बाई घाबरून म्हणाली.

“सगळेच. आत्ताचं सेक्रेटरींचं सोनंही.”

हॉलमध्ये कुजबुज पसरली. आठवडाभर ही माणसं सोनेरी ठशाच्या जोरावर एकमेकांना जिन्यात वाट देत नव्हती. दोघांनी ठशाचा फोटो काढून माझ्याकडेच मगावर छापून घेतला होता. आता ते सगळं जाणार म्हणताच सेक्रेटरींकडे साठ जोडी डोळे वळले, आणि त्या डोळ्यांत भावना होत्या.

सेक्रेटरी हुशार. त्यांना घड्याळात सहाला दहा मिनिटं कमी दिसत होती.

“आणि काका आपले असतील तर?” त्यांनी विचारलं.

“तर दगड आपला, ठराव कायम, तुमचं सोनं कायम,” मी म्हटलं. “फक्त आपल्या माणसाला आपण खोलीतून काढत नाही.”

त्यांनी बाटली काखेत मारली. मग वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, ‘वॉचमन हे सोसायटीचेच असल्याचे सर्वानुमते मान्य. खोलीचा विषय रद्द.’ टाळ्या झाल्या. काकांनी पेल्यातला चहा एका घोटात संपवला. काकू खोकं सोडायला गेल्यासुद्धा.

मी खुर्चीवरून उतरलो, मनातल्या मनात स्वतःला सलाम ठोकत. तेवढ्यात वीज आली. ऊन टेबलावरून सरकलं होतं, एसीचा गार झोत थेट दगडावर, आणि दोन मिनिटांत तो पुन्हा काळाकुट्ट.

“मालिकेआधी एकच राहिलं,” सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाले. “सोमवारी जिन्यात शिलेला रंग म्हणणाऱ्या गृहस्थांनी अजून हात ठेवलेला नाही.”

“ठेवतो की,” मी म्हटलं. माझंच पोर ते. ऐटीत पुढे गेलो, हात ठेवला. अर्धा तास बर्फात बुडवलेला हात.

दगड काळा. मी जोर लावला. काळा. दुसरा हात ठेवला, तोही त्याच पेटीतला. सेक्रेटरींचं पेन वहीवर चालायला लागलं होतं.

“अहो, हा गारठ्यामुळे,” मी वळून म्हटलं. “सासूबाई, तुम्ही सांगा यांना.”

सासूबाई टीव्हीकडे बघत होत्या. “सुरू झाली,” त्या म्हणाल्या.

आता दगड जिन्याखालच्या खोलीच्या दाराला आहे. काकू त्याला रोज पुसतात. ऑफिसचं दार आपटत असतं. खोली आणि दगड दोन्ही वाचले, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. फक्त सभेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी दुकान बंद करून आलो तर काका गेटवर नव्या इस्त्रीच्या गणवेशात उभे. त्यांनी माझ्यापुढे पाहुण्यांची वही धरली. बाहेरच्यांनी नोंद करायची ती.

“काका, मी इथे राहतो.”

“ठराव आहे साहेब. काल सहाच्या आत झाला.”

“काका, निदान तुम्हाला तरी माहितीये ना तो रंग आहे?”

काकांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. चेहरा एकदम सरळ, फक्त मिशीचं एक टोक हलत होतं.

“काळी राहिली की सगळे असंच म्हणतात, साहेब. इथे सही.”

मी सही केली. ‘कोणाकडे’ ह्या रकान्यात लिहिलं, बायकोकडे. ‘काम’ ह्या रकान्यात लिहिलं, जेवण. काकांनी ते वाचलं, जिन्यापाशी जाऊन वर हाक मारली, आणि वरून आमच्या हिचा आवाज आला, “कोण आहे विचारा हो.”